घाटाची सवय आणि बोगद्याचा रस्ता

इंदूरचा गाडीवाला घाटांवर तयार होतो. मुंबई-पुण्याकडे निघालं की आधी मानपूरचा घाट, मग सेंधव्यापुढचा बिजासन, चांदवडजवळचा राहूड आणि शेवटी कसारा. खानदेशातल्या माहेरी किंवा गावी जायचं तर सिमरोल सोडल्यावर भेरूघाट, पुढे चोरल, बलवाडा. या रस्त्यांनी काही सवयी हाडीमाशी भिनवल्या आहेत. वळणावर हॉर्न द्यायचा, समोरच्याला डिपर मारायचा, चढावर कण्हत जाणारा ट्रक दिसला की मिळेल त्या फटीतून पुढे काढायचं, आणि उतार लागला की गाडी मोकळी सोडायची. यातली शेवटची सवय घाटातही जिवावर बेतते. बोगद्यात तर यातली एकही चालत नाही.

आणि बोगदे आता आपल्या वाटेवर आले आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्यात इगतपुरीजवळ जवळपास पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, दोन्ही दिशांना तीन-तीन लेनचा. धुळे-नाशिकवरून येणारा इंदूरकर इगतपुरीला या रस्त्यावर चढतो आणि थोड्याच वेळात डोंगराच्या पोटात शिरतो. इकडे खंडवा रस्त्याच्या चौपदरीकरणात तेजाजी नगर ते बलवाडा या टप्प्यात तीन बोगदे आखलेले आहेत. म्हणजे ज्या भेरूघाटात पिढ्यान्पिढ्या वळणं मोजत गेलो, तिथे बोगद्याची शिस्त शिकावी लागणार आहे.

बोगद्याशी आपली जुनी ओळख रेल्वेची. होळकर संस्थानाच्या काळात घातलेली महू-पातालपाणी-कालाकुंड ही मीटरगेज लाइन पावसाळ्यात अजून लोक मुद्दाम बघायला जातात, आणि तिच्या बोगद्यांत पोरं आरडाओरडा करतात. पण त्या बोगद्यात पुढच्या गाडीपासूनचं अंतर ड्रायव्हरच्या मर्जीवर कधीच नव्हतं. एक गाडी टप्प्यातून बाहेर पडल्याशिवाय दुसरीला सिग्नलच मिळत नाही. रस्त्याच्या बोगद्यात हेच अंतर ठेवण्याचं काम प्रत्येक चालकावर सोपवलेलं असतं, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळ्या घाईत असतो. माझ्या मते बोगद्यातल्या वेगनियंत्रणाचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. कॅमेऱ्याने नुसता कोण १०० च्या वर गेला हे बघून भागत नाही. सगळ्या गाड्या साधारण एका वेगाने आणि पुरेसं अंतर राखून चालल्या आहेत का, हे साधलं पाहिजे.

पहिला धोका बोगद्याच्या तोंडाशीच असतो. मे महिन्यातल्या दुपारी बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असतो. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला काही सेकंद लागतात, आणि ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. शंभर मीटर साडेचार सेकंदांत संपतात. म्हणून नीट आखलेल्या बोगद्यात सर्वांत प्रखर दिवे तोंडाशी असतात. बाहेरचा उजेड मोजणारं यंत्र त्यांची तीव्रता कमी-जास्त करतं. हा प्रखर पट्टा गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराइतका लांब ठेवतात, आणि तिथून उजेड टप्प्याटप्प्याने उतरवत आतल्या मंद पातळीवर आणतात. रात्री उलटी गरज असते, तेव्हा हेच दिवे मंद करावे लागतात. उजेड मोजणारं यंत्र धुळीने माखलं की दुपारीसुद्धा त्याला संध्याकाळ वाटते, दिवे मंदावतात, आणि लांबून येणाऱ्याला बोगद्याच्या जागी नुसतं काळं भोक दिसतं. मग चालक ब्रेक दाबतो. मागचा अजून उन्हात असतो, त्याला पुढचे ब्रेकलाइट त्या काळोखात उशिरा दिसतात.

नॉर्वेत बोगद्यातल्या अपघातांची नोंद टप्पे पाडून ठेवली गेली: तोंडाबाहेरचे ५० मीटर, आतले पहिले ५०, त्यापुढचे १००, आणि मग उरलेला मधला भाग. वाहनांच्या प्रमाणात बघितलं तर अपघात तोंडाशी जास्त आणि आत जावं तसे कमी, असं चित्र निघालं. यातून आपल्यासाठी महत्त्वाचा निष्कर्ष हा की लहान बोगदा म्हणजे निर्धोक बोगदा, हा समज चुकीचा आहे. लहान बोगद्यात धोक्याचा तोंडाजवळचा भागच एकूण लांबीचा मोठा हिस्सा असतो. भेरूघाट-चोरलचे बोगदे इगतपुरीच्या तुलनेत फारच छोटे आहेत, म्हणून तिथे ढिलाई चालेल असं कुणी मानू नये.

तोंडाशी चालक आणखी एक गोष्ट नकळत करतो. भिंत जवळ आली की तो वेग थोडा उतरवतो आणि गाडी भिंतीपासून लांब, म्हणजे शेजारच्या लेनच्या रेषेकडे सरकवतो. शेजारच्या लेनमध्ये बस असेल तर दोघांमधलं अंतर अचानक कमी होतं. म्हणून लेन बदलायची ती बोगद्याच्या तोंडाच्या निदान अर्धा किलोमीटर आधी, आत गेल्यावर नाही. गॉगल तोंडाच्या आधी उतरवायचा. हेडलाइट लावायचा तो लो बीमवरच, कारण अप्पर पुढच्याच्या तिन्ही आरशांत जाऊन त्याला आंधळं करतो.

आणि चारही इंडिकेटर लावून बोगद्यातून जाण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे, ती कृपा करून सोडावी. त्या लुकलुकण्याचा अर्थ ‘मी थांबलोय’ किंवा ‘पुढे अडथळा आहे’ एवढाच असला पाहिजे. दहा गाड्या विनाकारण लुकलुकत असल्या तर खरंच बंद पडलेली अकरावी त्यांच्यात हरवते. शिवाय तुमचा लेन बदलण्याचा इशारा मागच्याला कळायची सोयच उरत नाही.

आत गेल्यावर उलटं घडतं. सरळ रस्ता, एकसारखे दिवे, समोरून वाहन नाही. झाडं, घरं, मैलाचे दगड अशी वेगाची जाणीव करून देणारी एकही खूण नाही. क्षितिज दिसत नसल्यामुळे चढ-उतारही कळत नाही. इगतपुरीकडून मुंबईच्या बाजूला जाताना रस्ता उतरत जातो. पायाचा दाब तोच ठेवला तरी काटा वर सरकतो आणि चालकाला पत्ता लागत नाही. मुंबईकडून येताना चढावर भरलेला ट्रक ४० वर येतो आणि मागून येणारी मोटार १०० वर असते. वेगातला फरक ६०, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दोनशे मीटरवर दिसलेला ट्रक बारा सेकंदांत अंगावर येतो, त्यातले दोन-अडीच सेकंद तर ‘हा इतका हळू आहे’ हे कळण्यातच जातात.

थांबायला किती रस्ता लागतो, हा हिशेब प्रत्येक चालकाला तोंडपाठ असावा. अडीच सेकंद प्रतिक्रियेचे आणि रस्त्याची पकड (घर्षणाचा गुणांक) ०.३५ धरली तर ताशी ६० ला सुमारे ८२ मीटर, ८० ला १२८, १०० ला १८२ आणि १२० ला जवळपास २४५ मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर तिप्पट. आता वाचलेला वेळ बघा. ७.८ किलोमीटरचा बोगदा १०० ने पार करायला ४ मिनिटं ४१ सेकंद लागतात, १२० ने ३ मिनिटं ५४. सत्तेचाळीस सेकंद वाचवण्यासाठी थांबण्याचं अंतर ६० मीटरहून जास्त वाढवायचं, आणि तेही जिथे बाजूला मातीत गाडी घालायला जागा नाही तिथे.

अंतर राखायची सोपी रीत अशी. पुढची गाडी डोक्यावरच्या एखाद्या जेट फॅनखालून गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणायचं. तिसरा आकडा पूर्ण व्हायच्या आत तुम्ही त्या पंख्याखाली आलात तर फार जवळ आहात. तीन सेकंद म्हणजे ८० ला ६७ मीटर, १०० ला ८३. आपल्याकडे एवढी जागा सोडली की कुणीतरी मध्ये कट मारून शिरतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय एकच, पाय थोडा उचलायचा आणि पुन्हा अंतर पाडायचं. कट मारणाऱ्यानं तुमचे दोन-तीन सेकंद खाल्ले, त्याहून जास्त काही गेलेलं नसतं.

अंतर आणि समान वेग यांवर इतका भर देण्याचं कारण १९९९ आणि २००१ या वर्षांत आल्प्समध्ये जे घडलं त्यात आहे. २९ मे १९९९ रोजी ऑस्ट्रियातल्या ६.४ किलोमीटरच्या टाउर्न बोगद्यात कामामुळे लावलेल्या सिग्नलला गाड्या थांबल्या होत्या. मागून आलेला ट्रक त्या रांगेत घुसला. बारा जण गेले, त्यातले आठ धडकेतच. त्याच्या दोन महिने आधी, २४ मार्चला, फ्रान्स-इटलीमधल्या ११.६ किलोमीटरच्या माँ ब्लाँ बोगद्यात पीठ आणि मार्गरिन वाहणारा ट्रक पेटला. आग दोन दिवसांहून जास्त जळत राहिली आणि ३९ माणसं मेली. मागचे ट्रक एकमेकांना जवळजवळ चिकटून थांबल्यामुळे आग एका गाडीवरून दुसरीवर गेली, आणि बरीच माणसं गाडीतच किंवा गाडीजवळच सापडली. २४ ऑक्टोबर २००१ ला स्वित्झर्लंडच्या १६.९ किलोमीटरच्या गॉटहार्ड बोगद्यात दोन ट्रक समोरासमोर धडकले. अकरा जण गेले.

त्यानंतर तिकडे जे नियम आले त्यांत अंतराला वेगाइतकंच महत्त्व आहे. माँ ब्लाँमध्ये जास्तीत जास्त ७० आणि कमीत कमी ५०, म्हणजे हळू जाणंही गुन्हा. चालत्या गाड्यांत १५० मीटर अंतर, थांबल्यावर १००. गॉटहार्डला ट्रक सिग्नलवर अडवून, थेंब थेंब सोडावेत तसे १५० मीटरच्या अंतराने आत सोडतात. कालाकुंडच्या लाइनवर सिग्नलनं जे काम केलं, तेच हे. कमीत कमी वेगाची पाटी आपल्याकडे बोगद्यांवर अभावानेच दिसते. ती लावावी आणि ज्याला तो वेग झेपत नाही असा भरलेला ट्रक डावी लेन सोडणार नाही याची व्यवस्था करावी, असं मला ठामपणे वाटतं.

कॅमेऱ्यांकडे वळू. एका जागी वेग टिपणारा कॅमेरा बोगद्यात सर्वांत कुचकामी. लोकांना त्याची जागा आठवड्याभरात पाठ होते. तिथे सगळे ब्रेक दाबतात आणि पुढे गेल्यावर पुन्हा पाय दाबतात. मोकळ्या रस्त्यावर याने फारसं बिघडत नाही, पण बोगद्यात एकानं दाबलेला ब्रेक मागच्या रांगेत वाढत वाढत जातो आणि दहाव्या गाडीला जवळपास थांबावं लागतं. रडारची वेगळीच अडचण. त्याच्या लहरी काँक्रीटच्या भिंतींवरून, छतावरून, मोठ्या ट्रकच्या पत्र्यावरून परततात, आणि नेमक्या कोणत्या गाडीचा वेग मोजला गेला याबद्दल शंका उरते.

बोगद्याला सरासरी वेगाची पद्धत शोभते, कारण मध्ये बाहेर पडायची वाटच नसते. आत शिरताना एक कॅमेरा नंबरप्लेट वाचतो, बाहेर पडताना दुसरा. मधलं अंतर भागिले वेळ, बस. व्हिएन्नाच्या काइझरम्यूलेन बोगद्यात २००३ पासून असाच पहारा आहे. मोटारींना ८० आणि ट्रकना ६०. अशा पहाऱ्याखाली चालकाला कुठेच ब्रेक दाबून सुटता येत नाही, त्यामुळे तो हळूहळू एका वेगावर स्थिर होतो. दंडापेक्षा हा परिणाम मला जास्त मोलाचा वाटतो.

पण ही यंत्रणा बसवताना बारीकसारीक गोष्टींतच ती फसते. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं तंतोतंत जुळलेली हवीत. पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात अर्ध्या सेकंदाची चूक नगण्य आहे, पण ५०० मीटरचा बोगदा ८० ने साडेबावीस सेकंदांत संपतो. तिथे अर्धा सेकंद म्हणजे वेगात ताशी जवळपास दोन किलोमीटरचा फरक. उपग्रहावरून वेळ घेणारं घड्याळ डोंगराच्या आत चालत नाही. म्हणून कॅमेरे तोंडाबाहेर असावेत किंवा आतल्यांना नियंत्रण कक्षाच्या घड्याळाशी तारेने जोडावं. अंतर मोजायचं ते लेनमधून जाता येईल अशा सर्वांत लहान वाटेनं, म्हणजे शंकेचा फायदा चालकाला मिळतो आणि चलान वादात अडकत नाही. कॅमेरा इन्फ्रारेड असावा. झगझगीत फ्लॅश अंधारात चालकाच्या डोळ्यांवर आला तर कॅमेराच अपघात घडवील. आणि काच. डिझेलच्या काजळीचा थर बोगद्यात फार लवकर चढतो. कॅमेरा धुण्याचं वेळापत्रक कंत्राटात नसेल तर काही महिन्यांत त्याला धुरकट चौकोनांखेरीज काही दिसणार नाही. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या प्लेट आणि दोरखंडाआड लपलेले ट्रकचे नंबर हा आणखी एक जाच. त्यासाठी बोगद्याच्या आधी माणूसच उभा करावा लागतो.

कायद्याची बाजू पुरेशी पक्की आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, वेगमर्यादा मोडल्यास हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम-अवजड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं, कॅमेरा आहे हे सांगणारी पाटी आधी लावावी लागते आणि चलानाची सूचना १५ दिवसांत पोचवावी लागते. पाटीच्या अटीला पुष्कळ लोक पळवाट समजतात. मला ती उपयोगाची वाटते. बोगद्याच्या दोन किलोमीटर आधी ‘पुढे सरासरी वेग मोजला जातो’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं की तोंडाशी पोचेपर्यंत बहुतेक जण आपापला वेग लावून घेतात.

काट्याबद्दल एक जाता जाता. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, तशीच त्याची रचना असते. मोबाइलवरच्या नकाशातला वेग मात्र बोगद्यात मानू नये. सिग्नल तुटला की तो शेवटचा आकडा धरून बसतो किंवा अंदाज बांधतो. पावसाळ्यात एसी गाडी दमट, उबदार बोगद्यात शिरली की काचेवर बाहेरून वाफ धरते. घाबरून ब्रेक दाबायचा नाही, आधी वायपर फिरवायचा, मग एसी कमी करायचा. बाहेर पडताना याच्या उलट तयारी हवी. उजेड दिसला की पाय आपोआप दाबला जातो, आणि तेवढ्यात घाटातला आडवा वारा आणि पावसाची सर एकदम काचेवर येते.

धूर दिसला तर? एकेरी बोगद्यात पंखे धूर वाहतुकीच्या दिशेने पुढे ढकलतात. आगीच्या पुढे असलेल्यांनी गाडी चालवत बाहेर पडायचं. मागे असलेल्यांनी अंतर ठेवून थांबायचं, इंजिन बंद करायचं, किल्ली गाडीतच ठेवायची आणि हिरव्या पाटीच्या दारातून शेजारच्या जुळ्या बोगद्यात जायचं. उलटं वळून यू टर्न घ्यायचा नाही आणि गाडीत बसून वाट पाहायची नाही. हिमाचलातल्या अटल बोगद्यात दर १५० मीटरवर फोन आहे. आपल्या मोबाइलवरून न करता तोच उचलावा, कारण कोणता फोन उचलला यावरून नियंत्रण कक्षाला जागा लगेच कळते. हाच बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला तेव्हा पहिल्या काही दिवसांतच शर्यती आणि सेल्फींमुळे अपघात झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. यंत्रणा सगळी जागेवर होती, फक्त बोगदा हा थांबून बघण्याचा रस्ता नाही, हे लोकांपर्यंत पोचलेलं नव्हतं.

भेरूघाटापुरतं एक सुचवावंसं वाटतं. तिथे प्रत्येक छोट्या बोगद्याला वेगळी कॅमेऱ्यांची जोडी लावण्यापेक्षा, पहिल्या बोगद्याच्या आधीपासून तिसऱ्याच्या नंतरपर्यंत घाटाचा सलग पट्टा सरासरी वेगाखाली आणावा. मधल्या उघड्या वळणांवरचा उतार बोगद्यांइतकाच घातक आहे, आणि ट्रक तिथूनच वेग घेऊन पुढच्या तोंडात शिरतात. अडचण एवढीच की इंदूरची माणसं पावसाळ्यात चोरलकडे भुट्टे, भजी आणि धबधब्यांसाठी निघतात. जो दहा मिनिटं भुट्टा खात थांबला, तो नंतर कितीही दामटला तरी त्याची सरासरी कमीच निघते. तेव्हा पट्ट्याचे तुकडे पाडताना थांबण्याच्या प्रत्येक जागेआधी आणि नंतर एकेक कॅमेरा हवा, म्हणजे थांबलेला वेळ हिशेबाबाहेर राहील. त्या जागाही बोगद्याच्या तोंडापासून निदान तीनशे मीटर लांब, रस्त्यापासून कठडा घालून वेगळ्या काढलेल्या असाव्यात. भुट्टेवाल्याची शेगडी तोंडाशीच धुमसत असेल आणि चार गाड्या कशाही उभ्या असतील, तर ८० ने येणाऱ्याला १२८ मीटर कुठून मिळणार? टपऱ्यांच्या जागा रस्ता खुला व्हायच्या आधीच आखून दिल्या पाहिजेत. एकदा धंदा बसला की त्या हलवणं कुणाच्याच हातात राहत नाही.